निवाऱ्याला शेजाऱ्यांची साथ

प्रश्न : आमच्या पेठेत बेघर कुटुंबांसाठी तात्पुरता निवारा उभारण्याचे घाटत आहे, पण शेजारी धास्तावले आहेत. त्यांना केव्हा विश्वासात घ्यावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : जागा ठरण्यापूर्वीच. आराखडा पक्का करून बोलावलेल्या बैठकीत विरोधाखेरीज काही हाती लागत नाही. शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा एक निवारा अपेक्षित होता आणि २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचे होते. तेव्हा प्रश्न एकट्या पेठेचा नाही, हे आधी सांगावे. मग नकाशा पसरून शौचालयाचे दार कोणत्या बोळाकडे उघडेल, रात्रीचा दिवा कोणाच्या खिडकीत पडेल, हे शेजाऱ्यांनाच ठरवू द्यावे. चादरींची वानवा येथे भासणार नाही. वर्षानुवर्षे नळाला दिवसाआडही पाणी न आलेल्या शहरात भांडण पेटते ते पाण्यावरून, म्हणून निवाऱ्याची टाकी स्वतंत्रच असावी.