व्हिसिमचा क्लास लावू का?

प्रश्न: सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कळव्यात राहतो. ट्रान्सपोर्टेशन प्लॅनिंगमध्येच जायचं ठरवलंय. व्हिसिमचा, म्हणजे रस्त्यावरची वाहतूक कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या सॉफ्टवेअरचा, क्लास बराच महाग आहे. लावू का, की दुसरं कुठलं सॉफ्टवेअर आधी शिकू?

उत्तर:

आत्ता लावू नका. नोकरी लागली की कंपनीच्या लायसन्सवर पंधरा दिवसांत बटणं कळतात. त्या बटणांच्या मागे काय चाललंय हे कळायला मला दोन वर्षं लागली, तेही एका फजितीनंतर. ती आधी सांगतो.

एका सल्लागार कंपनीत नुकताच लागलो होतो. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या एका चौकाचं काम आलं. सकाळच्या गर्दीच्या वेळी चार कोपऱ्यांवर चार पोरं बसवली आणि सिग्नलची पांढरी रेघ ओलांडणारी प्रत्येक गाडी टॅलीच्या कागदावर मांडली. आकडे व्हिसिममध्ये भरले, मॉडेल पळवलं, थ्रीडी व्हिडिओ काढला. दुभाजकावर झाडंसुद्धा लावली होती! मीटिंगमध्ये व्हिडिओ संपल्यावर मागे बसलेले ट्रॅफिकचे हवालदार शांतपणे म्हणाले, "साहेब, हे रविवारचं आहे का?"

माझ्या मॉडेलमध्ये रांग आठ-दहा गाड्यांची होती. त्यांच्या चौकात ती रोज मागचा बसस्टॉप ओलांडून जायची.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. समजा एका बाजूने तासाला १२०० गाड्या येतायत आणि सिग्नल जेमतेम ९०० सोडतोय. रेघेवर बसलेला पोरगा ९००च मोजणार, कारण त्याच्यासमोरून तेवढ्याच गेल्या. उरलेल्या ३०० मागे हॉर्न वाजवत उभ्या आहेत, त्या कागदावर कुठेच नाहीत. मी सॉफ्टवेअरला सांगितलं ९०० येतायत, रस्त्याची क्षमताही ९००ची, मग रांग लागेल कशाला? तुंबलेल्या चौकात रेघेवर केलेली मोजणी मागणी सांगत नाही, चौकाची क्षमता सांगते. मागणी हवी तर रांगेच्या शेपटाच्याही मागे जाऊन मोजायचं आणि दर सायकलला, म्हणजे सिग्नलच्या एका पूर्ण फेरीला, रांग कुठवर आली ते लिहायचं. हे न करता केलेली मॉडेलं अजूनही माझ्या टेबलावर येतात. प्रोग्राम एरर देत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही.

दुसरा घोळ ड्रायव्हरचा. व्हिसिम जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या पीटीव्ही कंपनीचं. पुढच्या गाडीच्या मागे आपण किती अंतर ठेवून, कधी ब्रेक दाबून चालवतो याचं त्यातलं गणित वीडेमान या संशोधकाच्या १९७४च्या मॉडेलवर उभं आहे. शहरातल्या रस्त्यांसाठी थांबलेल्या दोन गाड्यांमधलं सरासरी अंतर ते मुळात २ मीटर धरतं. ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर २ मीटर जागा दिसली तर तिथे दोन स्कूटर शिरतात. शिवाय मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक गाडी लेनच्या मधोमध चालते. आपल्याकडे गाडी लेनमध्ये कुठेही असू शकते, एकाच लेनमध्ये डावी-उजवीकडून पुढे काढता येतं, आणि वाहतूक डाव्या बाजूने चालते, हे सगळं त्याला सांगावं लागतं. मग शेअर रिक्षा. ती डाव्या लेनमध्ये थांबून चौथं पॅसेंजर शोधत असते, त्या वेळात ती लेन जवळजवळ बंदच. हे थांबणं मॉडेलमध्ये वेगळं घालावं लागतं, आणि त्यासाठी अर्धा तास नाक्यावर उभं राहून पाहावं लागतं.

मग मॉडेल जुळलं की नाही हे कसं ठरवायचं? रिपोर्टमध्ये 'जीईएच' नावाचा आकडा असतो, मोजलेल्या आणि मॉडेलमधल्या गाड्यांत किती फरक आहे ते सांगणारा. तो ५ च्या खाली असला की चाललं असं मानतात. एकदा हाताने काढून बघा. तासाला मोजलेल्या गाड्या ८५०, मॉडेलने दाखवल्या १०००, तरी जीईएच ४.९ येतो. पास! म्हणून मी रांगेची लांबी आणि प्रवासाचा वेळ जुळल्याशिवाय सही करत नाही.

म्हणूनच सॉफ्टवेअरच्या आधी कागदावरचं गणित पक्कं करा. दोन गोष्टी पुरतील सुरुवातीला. पहिली पीसीयू, म्हणजे सगळी वाहनं कारच्या मापात आणणं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या आयआरसी १०६ या मार्गदर्शिकेत दुचाकीचा पीसीयू रहदारीतल्या तिच्या वाट्यानुसार ०.५ किंवा ०.७५ आहे, आणि बस-ट्रकचा २.२ किंवा ३.७. त्यानंतर सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ मध्ये इंडो-एचसीएम हे भारतीय रस्त्यांच्या क्षमतेचं मॅन्युअल काढलं, तेही चाळा. दुसरी गोष्ट वेबस्टरचं १९५८चं सिग्नलचं सूत्र: सायकल म्हणजे सिग्नल बदलताना वाया जाणाऱ्या वेळाची दीडपट अधिक ५, या सगळ्याला भागिले (१ वजा वाय). फेज म्हणजे एका वेळी हिरवा मिळणाऱ्या बाजू. प्रत्येक फेजमधली सर्वांत भरलेली बाजू घ्या, तिथे येणारी वाहतूक भागिले सिग्नल सतत हिरवा राहिला तर जाऊ शकणारी वाहतूक असं प्रमाण काढा; या प्रमाणांची बेरीज म्हणजे वाय. चार फेज, वाया जाणारा वेळ १६ सेकंद धरा. वाय ०.७ असेल तर सायकल ९७ सेकंद. ०.८ झालं की १४५. ०.९ ला २९०, म्हणजे जवळपास पाच मिनिटं. १ झालं की सूत्रच कोसळतं. 'सॉफ्टवेअरने सिग्नल ऑप्टिमाइझ करून द्या' असं म्हणणाऱ्या क्लायंटला मी हे चार आकडे पाठीमागच्या कोऱ्या पानावर करून दाखवतो. तिथे फेज कमी करायची, एखादं वळण बंद करायचं की पूल बांधायचा, एवढेच प्रश्न उरतात.

हे झालं एका चौकाचं. प्लॅनिंगचं काम याहून मोठ्या नकाशावर असतं: कुठून किती लोक निघतात, कुठे जातात, कशाने जातात, कुठल्या रस्त्याने. याला चार पायऱ्यांचं मॉडेल म्हणतात. व्हिसम (व्हिसिम नव्हे), क्यूब, ट्रान्सकॅड, एमी ही त्याची सॉफ्टवेअर. एक आलं की बाकीची येतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

तुमच्या घराजवळ मात्र एक सोय आहे जी बऱ्याच शहरांत नाही, ठाण्याची खाडी. मुंबई-ठाण्याकडून नवी मुंबईकडे रस्त्याने जायचं तर खारेगाव, कळवा, ऐरोली, वाशी आणि आता अटल सेतू, एवढ्याच ठिकाणांहून ओलांडता येतं. तेवढ्या पुलांवर मोजलं की पलीकडे गेलेल्या सगळ्या गाड्या हाती येतात. मॉडेलने काढलेली बेरीज या बेरजेशी ताडून पाहायची. याला स्क्रीनलाइन म्हणतात.

रस्ता निवडीचा अभ्यासही इथेच करा. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, तेव्हा कारला एका फेरीला २५० रुपये टोल होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाशी आणि ऐरोलीसह मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. म्हणजे उलव्याहून शिवडीला जाणाऱ्याच्या मनातला हिशेब एका वर्षात दोनदा बदलला. त्याच्या एका तासाची किंमत तुम्ही किती धरता यावर तुमचं मॉडेल त्याला सेतूवर पाठवेल की वाशीला. ती किंमत सॉफ्टवेअरमध्ये आयती नसते, लोकांना विचारून काढावी लागते.

आता फुकटातलं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा आजच उतरवा आणि कळव्याचे रस्ते काढून बघा. सिम्युलेशनसाठी सुमो आहे, डीएलआर या जर्मन संस्थेने २००१ पासून वाढवलेलं, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. त्यात सबलेन मॉडेल आहे, म्हणजे एकाच लेनमध्ये गाड्या शेजारी-शेजारी चालू शकतात, आपल्या दुचाक्यांसाठी ते बरं पडतं. दिसायला व्हिसिमइतकं देखणं नाही आणि सुरुवातीला एक्सएमएल फाइली बघून वैतागाल. थोडं पायथन शिका, म्हणजे तो वैताग निम्मा होईल. रस्त्याची भूमिती आखायच्या कामासाठी सिव्हिल थ्रीडी हे सॉफ्टवेअर कॉलेजमध्ये शिकवत असतील तर तेवढं पुरे.

क्लासच्या पैशातून एक चांगला ट्रायपॉड घ्या. कळवा पुलाच्या कळव्याकडच्या टोकाला सकाळी आठ ते दहा मोबाइल लावा, आधी चौकीवर सांगून ठेवा, नाहीतर अर्धा वेळ 'कशाला शूटिंग करतोस' यात जाईल. घरी येऊन व्हिडिओ थांबवत थांबवत मोजा. पहिल्या दिवशी दुचाक्या नक्की चुकतील, दोनदा मोजा. पावसाळ्यात करणार असाल तर छत्री नको, रेनकोट घ्या, एक हात टॅलीला लागतो.