गुरुत्वीय लहरींमध्ये करिअर: परभणीच्या एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी परभणीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गुरुत्वीय लहरींवरच संशोधन करायचं म्हणते, आणि यात पोटापाण्याचं काही आहे का आणि तिला हे झेपेल का, हे तुम्हाला हवंय. मी पंधरा वर्षं याच डेटावर काम करतोय. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण पहिल्याचं बरंचसं त्यावरच ठरतं.

बाहेरून हे काम कृष्णविवरांचं दिसतं. रोजचं काम मात्र नॉईजचं, म्हणजे डेटात मिसळणाऱ्या नको त्या खडखडाटाचं असतं. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाशाचं सूक्ष्म ताणणं-आकसणं, आणि ते पकडणारे लायगोचे दोन डिटेक्टर अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला आहेत. प्रत्येकाच्या दोन भुजा ४-४ किलोमीटर लांब, आणि लहर येते तेव्हा त्यांच्या लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. इतकं बारीक मोजायचं म्हटलं की जगातली प्रत्येक हालचाल डेटात उतरते: समुद्राच्या लाटा, वारा, लांबच्या रस्त्यावरचा ट्रक. हॅनफर्डला तर एका थंड पाइपावर जमलेला बर्फ डोमकावळे चोचीने टोचत होते, तेही डेटात सापडलं होतं. मी स्वतः पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी तीन आठवडे एका खुणेमागे होतो. शेवटी ती भिंतीवरून विखुरलेल्या प्रकाशाची कमान निघाली. त्या तीन आठवड्यांत यंत्राबद्दल जेवढं शिकलो तेवढं कुठल्याच कोर्समध्ये शिकलो नाही.

१७ ऑगस्ट २०१७ चं उदाहरण घ्या. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, संकेत जवळपास १०० सेकंद चालला. पण टक्कर व्हायच्या साधारण एक सेकंद आधी लिव्हिंग्स्टनच्या डिटेक्टरमध्ये जोरदार ग्लिच, म्हणजे यंत्रातला क्षणिक झटका आला, आणि आपोआप चालणाऱ्या प्रणालीने फक्त हॅनफर्डचा संकेत कळवला. मग माणसांनी लिव्हिंग्स्टनचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेनुसार बदलणारी कंप्रता दाखवणारं चित्र उघडलं. ग्लिचचा जाड उभा पट्टा, आणि डावीकडून उजवीकडे त्यातूनच वर चढत गेलेली संकेताची एक बारीक रेघ. ती रेघ ओळखू आली म्हणून, इटलीतल्या व्हर्गो डिटेक्टरचा डेटा जोडून, आकाशातली जागा ठरवता आली. अकरा तासांच्या आत दुर्बिणींना एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. ग्लिच कसा दिसतो हे ज्यांच्या डोळ्यात पक्कं बसलेलं होतं, त्यांनाच ती रेघ वेगळी दिसली.

चिकाटीचं म्हणाल तर सप्टेंबर २०१० मध्ये एक सुंदर संकेत आला. आम्ही त्याला बिग डॉग म्हणायचो. मी तेव्हा नुकताच पीएचडीला लागलो होतो. सहा महिने सगळ्यांनी राबून शोधनिबंध तयार केला आणि मार्च २०११ मध्ये संकेत खरा की खोटा हे सांगणारं पाकीट उघडलं: तो संकेत आमची परीक्षा घ्यायला मुद्दाम घातलेला होता. खरा पहिला संकेत आला १४ सप्टेंबर २०१५ ला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी टेम्प्लेट, म्हणजे गणिताने आधीच काढलेले अपेक्षित संकेत, डेटाशी जुळवून संकेत शोधायच्या पद्धतीवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच काम करत होते. तेव्हा जगात पकडलेला एकही संकेत नव्हता. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

आता पैशाचं. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग जेस्ट, गेट किंवा नेट यांपैकी एखादी परीक्षा, मग पीएचडी. पीएचडीला सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, त्यावर घरभाडं. घरून पैसे लागणार नाहीत. खरी ओढाताण पुढे असते. दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकऱ्या, दोन किंवा तीन, बहुतेकदा वेगवेगळ्या देशांत. कायमची जागा मिळेपर्यंत पस्तिशी येते, आणि अनेकांना ती मिळतच नाही. हे तुम्ही घरात आत्ताच मोकळेपणी बोला. माझ्याबरोबरचे जे बाहेर पडले ते डेटा सायन्समध्ये, बँकांत, वैद्यकीय इमेजिंगमध्ये चांगले रुळले आहेत, कारण गोंधळलेल्या डेटातून खरं ते वेगळं काढायला त्यांना येतं. म्हणून प्रोग्रामिंग आणि संख्याशास्त्र आत्तापासून पक्कं करायला सांगा. सापेक्षतावाद एमएस्सीत शिकता येईल, त्याची घाई नको.

आणि एक गोष्ट तुमच्या अगदी दाराशी आहे. लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतंय, तुमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळाली. तिथे लेसर, निर्वात नळ्या, कंट्रोल सिस्टिम, सॉफ्टवेअर हे सगळं लागणार आहे. तिला हाताने यंत्रं जुळवायची आवड असेल तर ती बाजू जरूर बघा. आपल्याकडे सगळे सिद्धांताकडे धावतात, प्रयोगाकडे माणसं कमी वळतात.

झेपेल का, हे बघायला परीक्षेचे गुण नकोत. लायगोचा डेटा ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरच्या साइटवर फुकट मिळतो, पायथॉनचे धडेही तिथेच आहेत. तिला १४ सप्टेंबर २०१५ चा ३२ सेकंदांचा तुकडा उतरवून घेऊ द्या. त्यातला संकेत सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच आहे. तो शोधायला दोन-तीन आठवडे लागले तरी हरकत नाही, मदत लागली तर मी आहे. तुम्ही फक्त एवढं बघा: संकेत सापडल्यावर ती लॅपटॉप मिटते, की उरलेल्या सेकंदांत काय काय आहे ते बघत बसते. मला इथेच कळवा.