स्वल्पविराम दोन-दोन अंकांवर का?

प्रिय चिनू,

तू शाळेत १२,३४५,६७९ लिहितेस आणि मी तीच संख्या १,२३,४५,६७९ अशी लिहिते. मराठीत स्वल्पविराम असे का, हा तुझा प्रश्न मला फार आवडला.

आपण संख्या जशी वाचतो तशी तोडतो: एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. हजारानंतर आपलं प्रत्येक नवं नाव शंभरपटीनं येतं. शंभर हजार म्हणजे लाख, शंभर लाख म्हणजे कोटी. म्हणून दोन-दोन अंक. तुझ्या शाळेतली नावं हजारपटीनं वाढतात, म्हणून तिथे तीन-तीन. बरोबर दोन्ही.

पण तू संख्या मोठी छान निवडलीस! तिच्यात ८ नाही, पाहिलंस? तिला ९ नं गुण. उत्तर येतं ११,११,११,१११. मोठ्यानं वाच: अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आता उलट, या नऊ एकांना ९ नं भागून बघ. ११ ला भाग १, बाकी २. वरचा १ खाली घेतला की २१, भाग २, बाकी ३. मग ३१, ४१, ५१, ६१. बाकी दर वेळी एकानं वाढते. ७१ ला भाग ७, बाकी ८. शेवटी उरतात ८१, आणि त्यांना ९ चा भाग नेमका ९ वेळा जातो. ८ गळतो तो इथे.

आता स्वल्पविरामांचा उपयोग. तुझ्या पद्धतीचे तुकडे बेरजेला घे: १२ + ३४५ + ६७९ = १०३६, म्हणजे ३७ × २८. म्हणून अख्ख्या संख्येलाही ३७ नं भाग जातो, कारण हजार म्हणजे ९९९ + १, आणि ९९९ ला ३७ नं भाग जातो. दुसरा अवयव ३३३६६७, आणि ती मूळ संख्या आहे.

आपल्या तुकड्यांतून ११ ची कसोटी निघते, आणि ती मला जास्त सुंदर वाटते. कोटी, लाख, हजार यांचे आकडे मिळव: १ + २३ + ४५ = ६९. शेवटच्या तीन अंकांतून ते वजा कर: ६७९ − ६९ = ६१०. याला ११ नं भागलं की बाकी ५, आणि अख्ख्या १,२३,४५,६७९ चीही बाकी ५ च. असं होतं कारण १००१, १००००१ आणि १००००००१ या तिन्हींना ११ नं भाग जातो, म्हणजे हजार असो, लाख असो की कोटी, प्रत्येक जण ११ च्या पटीपेक्षा एकानं कमी. अब्जही तसाच, त्यामुळे दहा अंकी संख्येलाही ही युक्ती चालते.

९,८७,६५,४३२ ची बाकी काढून कळव. भागाकार न करता हं.

तुझी,
आई