'कारभारी' म्हणावं की 'विश्वस्त'?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "संतांच्या गोष्टी सांगताना 'स्टुअर्डशिप', म्हणजे दुसऱ्यानं सोपवलेलं नीट सांभाळणं, हा शब्द वारंवार येतो. 'विश्वस्तपण' म्हटलं की पोरांना देवस्थानाची कमिटी आठवते. 'कारभारी' म्हटलं की ती हसतात, कारण कारभारी म्हणजे नवरा. मग म्हणावं तरी काय?"

ताई, पोरं हसली तरी 'कारभारी' सोडू नका. मराठी बायबलानं हाच शब्द घेतला आहे आणि तो फार नेमका आहे. मूळ ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस'. 'ओइकोस' म्हणजे घर, आणि पुढच्या भागाच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ वाटून देणं, व्यवस्था लावणं. म्हणजे मालकाचं घर सांभाळणारा आणि ज्याचा वाटा त्याला देणारा. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात 12व्या अध्यायातला विश्वासू कारभारी काय करतो? घरच्या माणसांना वेळच्या वेळी धान्य मोजून देतो. कुलूप लावून किल्ली कमरेला खोचणं एवढंच त्याचं काम नाही.

किल्ली खोचणाऱ्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, कोठावळा. 'खर्चणाऱ्याचे खर्चते आणि कोठावळ्याचे पोट दुखते' ही म्हण तुमच्या मुलांच्या आज्यांना नक्की ठाऊक असेल. संत एलिझाबेथची गोष्ट या म्हणीला धरूनच सांगा. हंगेरीची ही राजकन्या जर्मनीतल्या थुरिंगियाचा अधिपती लुडविग याला दिली होती. 1226 साली दुष्काळ पडला तेव्हा लुडविग इटलीत होता. एलिझाबेथनं वाड्याची कोठारं उघडली आणि रोज भुकेल्यांना धान्य वाटलं. लुडविग परत आला तशी अधिकाऱ्यांनी तक्रार केली. पोट दुखलं ते कोठावळ्यांचं. मालकानं बायकोचीच बाजू घेतली. म्हणजे त्या घरात खरी कारभारीण तीच होती.

तिच्या दासींनी सांगून ठेवलेली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. सुगी आली तेव्हा अंगात जोर असलेल्या गरिबांना तिनं सदरे दिले, विळे दिले, आणि कापलेल्या पिकाचे खुंट पायांना लागू नयेत म्हणून जोडे दिले. ज्वारी कापलेल्या वावरात धसकट तळव्यात शिरल्यावर काय होतं, हे तुमच्या वर्गातल्या पोरांना सांगावं लागणार नाही. देणाऱ्याची नजर घेणाऱ्याच्या तळपायापर्यंत गेली होती. 'औदार्य' शब्द शिकवायचा तर इथे शिकवा.

'विश्वस्त' हा शब्दही वाईट नाही. सेवाग्राम आपल्याच भागात, आणि संपत्तीच्या विश्वस्तवृत्तीचा विचार गांधीजींनी आग्रहानं मांडला. पण नोंदणी, घटना, सह्या यांत तो शब्द आता अडकला आहे. 'राखणदार' तर नकोच. तो पाखरं हाकलतो, वाटत नाही. 258 साली रोममध्ये मारला गेलेला संत लॉरेन्स चर्चच्या पैशाअडक्याचा जिम्मेदार होता. परंपरा सांगते, की खजिना आणून दे म्हटल्यावर त्यानं तो गरिबांत वाटला आणि गोरगरीब, पांगळे, आंधळे यांना पुढे उभं करून म्हणाला, हाच चर्चचा खजिना. राखणदार म्हणून तो नापास, कारभारी म्हणून पक्का.

आता मापून देण्यातलाच आणखी एक शब्द, 'शीग'. आमच्या घरी सालदाराला ज्वारी मोजून द्यायची तेव्हा आबाजी पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. पायली काठोकाठ भरली तरी थांबत नसत. वर दाण्यांचं टोक चढून दाणे घरंगळायला लागले की मगच ती उलटी करत. ते टोक म्हणजे शीग. 'शिगेला पोचणे' तिथूनच आलं. लूकच्या 6व्या अध्यायात दाबून, हालवून, शीग भरून माप देण्याची गोष्ट आहे, आणि मराठी भाषांतरकारांनी तिथं हा शब्द योजला याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तेव्हा ताई, 'विश्वासू कारभारी' हेच म्हणा आणि क्रियापद 'मापून देणे' वापरा. गावात कुणाकडे तरी जुनी पायली सापडेल. ती आणि थोडी ज्वारी वर्गात न्या, एका मुलाला भरायला सांगा. हात फिरवून तो शीग पाडायला लागला, की तिथेच त्याला थांबवा आणि एलिझाबेथची गोष्ट सुरू करा.