कॉलेजचे परदेशी करार खरे की नुसते भिंतीवरचे, हे कसं ओळखावं?

मुलगी बारावीला आहे, मेकॅनिकलला घालायचंय, पुण्यातली तीन कॉलेजं 'परदेशात एक सेमिस्टर' सांगतायत आणि निवड कशावर करावी, असं तुम्ही विचारलंय. भिंतीवर किती देशांचे झेंडे लावलेत ते मोजू नका. जाऊन आलेल्या एखाद्या मुलाची त्या सेमिस्टरची इथली गुणपत्रिका दाखवा म्हणा. ती मिळाली तर पुढचं बोलणं.

मी हे का म्हणते, तर मी स्वतः मेकॅनिकलच्या सहाव्या सेमिस्टरला जर्मनीला गेले होते. घरी पेढे वाटून झाले होते. तिकडचं उन्हाळी सेमिस्टर १ एप्रिलला सुरू होतं आणि कागदोपत्री ३० सप्टेंबरला संपतं. तास जुलैच्या मध्यापर्यंत, मग परीक्षा. आपलं सेमिस्टर जानेवारी ते मे. म्हणजे इथली सबमिशन अर्धवट टाकून निघाले, इथल्या पेपरांच्या वेळी मी तिकडे, आणि ऑगस्टमध्ये परतले तेव्हा सातवं सेमिस्टर महिनाभर पुढे गेलेलं. युरोपात एका सेमिस्टरचे ३० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे गुणांक, धरतात, मी २४ मिळवून आणले होते. इथल्या परीक्षा विभागातल्या काकांनी त्या क्रेडिटांचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यावर सीट नंबर कुठाय?"

इथल्या गुणपत्रिकेवर पाच विषयांपुढे 'गैरहजर'. ते पाचही राहिलेले विषय (बॅक) मी शेवटच्या वर्षात ज्युनिअर्सबरोबर बसून काढले.

काकांची चूक नव्हती. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात पेपर आणि गुणपत्रिका विद्यापीठाची असते. बाहेरचे क्रेडिट धरायचे तर विद्यापीठाने मानायला हवेत, प्राचार्यांनी मान डोलावून भागत नाही. स्वायत्त कॉलेजला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या असल्यामुळे हे जमवणं सोपं जातं. तेव्हा पहिला प्रश्न, कॉलेज स्वायत्त आहे का? दुसरा, 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' करता का? तिकडचा कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाऐवजी धरणार, हे निघण्याआधी लिहून सह्या झालेला कागद म्हणजे हे अ‍ॅग्रीमेंट. आम्हाला तो शब्दही कोणी सांगितला नव्हता.

पैशांचंही नीट विचारा. खऱ्या एक्सचेंजमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीत, फी इथेच भरायची, तिकडे शिकवणीची फी नाही. पण जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ती फी एरवीही नसतेच, त्यामुळे 'तिकडची फी माफ' ही काही कॉलेजची मेहेरबानी नव्हे. खरा खर्च राहण्याखाण्याचा. व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो या हिशोबाने पैसे दाखवावे लागतात. इरॅस्मस या युरोपीय संघाच्या योजनेतून जागा असेल तर प्रवासाचे आणि दरमहाचे पैसे मिळतात, पण नाव आपल्याच संस्थेने पाठवावं लागतं. दरवर्षी किती नावं पाठवता, ते विचारा. आणि दोन आठवड्यांची 'समर स्कूल' सहल वेगळी मोजा. ती वाईट नाही, पण ती सहल आहे.

कोणी 'दोन्हीकडची डिग्री' म्हणालं तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम बघा. नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात, किंवा सरकारने 'इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्स' हा दर्जा दिलेल्या संस्थेलाच, तेही क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारातल्या परदेशी विद्यापीठाशी, यूजीसीला न विचारता असा करार करता येतो. बाकीच्यांना यूजीसीची मंजुरी लागते. ते पत्र मागा.

मुलीला जर्मनीचं खरंच मनात असेल तर कॉलेज कुठलंही घ्या, पहिल्याच वर्षी पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नाहीतर मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला नाव घाला. वर्ग इंग्रजीतून असले तरी घरमालकीण आणि नगरपालिकेतली बाई जर्मनच बोलते. मी पहिले तीन आठवडे बेकरीत नुसती बोटं दाखवत होते.