एआयच्या आवाजात भावना कशा आणाव्यात?

आपली अडचण अशी दिसते की, कथावाचनासाठी एआयकडून तयार करून घेतलेला आवाज स्पष्ट असूनही सपाट वाटतो, आणि प्रत्येक वाक्याला ‘आनंदी’ किंवा ‘दुःखी’ अशी सूचना दिली की तोच आवाज नाटकी होतो. माझ्या मते या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: भावना वाक्यागणिक चिकटवण्याची वस्तू नाही, ती विराम, गती, शब्दावरचा आघात आणि मागचापुढचा संदर्भ यांतून तयार होते.

आधी सपाटपणाचे कारण पाहू. एकच वाक्य अनेक प्रकारे म्हणता येते, परंतु त्यांपैकी कोणता प्रकार हवा हे मजकुरात लिहिलेले नसते. प्रशिक्षणात एकूण चूक कमीत कमी ठेवायची असल्यामुळे मॉडेल या साऱ्या शक्यतांच्या मधला, कुठेच फारसा न चुकणारा सूर शिकते, आणि मधला सूर म्हणजेच निर्विकार सूर. यावर उपाय शोधताना २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मजकुराचा आवाज तयार करणाऱ्या टॅकोट्रॉन या प्रणालीला जोड म्हणून ‘स्टाइल टोकन’ची पद्धत मांडली, तिच्यात भावनांची नावे न देता रेकॉर्डिंगमधूनच बोलण्याच्या ढंगांचे प्रकार मॉडेल स्वतः शोधते. २०२० च्या फास्टस्पीच २ या अशाच प्रणालीमध्ये ध्वनींचा कालावधी, स्वराची उंची आणि आवाजाचा जोर या तिन्हींचा अंदाज वेगवेगळा केला जातो, त्यामुळे ती प्रत्येक बाब स्वतंत्रपणे कमीजास्त करता येते.

आता नाटकीपणाकडे येऊ. राग आणि आनंद या दोन्हींत स्वर बहुधा चढतो, गती वाढते आणि जोरही वाढतो. त्यांच्यातला फरक बराचसा आवाजाच्या पोतात, म्हणजे तो ताणलेला आहे की मोकळा, यात असतो. दुःखात स्वर उतरतो, गती मंदावते आणि चढउतार आक्रसतात, पण कंटाळ्यातही जवळपास तेच घडते. त्यामुळे आवाजातून उत्तेजना किती आहे हे ओळखणे सोपे, ती सुखाची की क्लेशाची हे ओळखणे अवघड. त्यातच भावनांची लेबले असलेली बरीच रेकॉर्डिंग अभिनय करून घेतलेली असतात. ‘दुःखी’ ही सूचना दिल्यावर आपल्याला मिळते ते रंगमंचावरचे, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवलेले दुःख.

म्हणून लेबलांना हात लावण्यापूर्वी मजकूर दुरुस्त करावा. लांब वाक्य जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे तोडावे, संवाद आणि निवेदन वेगळ्या परिच्छेदांत ठेवावे, आणि आघात कोणत्या शब्दावर हवा ते ठरवावे. ‘मी त्याला पैसे दिले नव्हते’ या वाक्यात आघात ‘मी’वर असेल तर संशय दुसऱ्या कुणावर जातो, ‘पैसे’वर असेल तर दुसरे काहीतरी दिल्याची कबुली ऐकू येते, हा फरक कोणत्याही भावनेच्या नावाने साधत नाही. आपली प्रणाली एसएसएमएल ही खुणांची भाषा स्वीकारत असेल (२००४ पासून ती वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे प्रमाण आहे), तर विराम, गती, स्वराची उंची आणि आघात यांच्या खुणा थेट मजकुरात घालता येतात, मात्र प्रत्येक प्रणाली त्यांतील सगळ्याच खुणा पाळते असे नाही. बदल लहान ठेवावेत. गती थोडीशी कमी करून निर्णायक शब्दाच्या आधी अर्ध्या सेकंदाचा विराम दिला, तर ‘गंभीर’ या लेबलापेक्षा बहुतेक वेळा अधिक साधते.

वाक्ये सुटी सुटी देऊ नयेत, पूर्ण परिच्छेद द्यावा. अलीकडच्या अनेक प्रणाली आजूबाजूच्या मजकुरावरून सूर ठरवतात, आणि एकटे वाक्य दिले की त्यांचा तो आधारच जातो. नमुना म्हणून रेकॉर्डिंग देण्याची सोय असेल, तर तो परिच्छेद स्वतः हव्या त्या ढंगात वाचून द्यावा. शब्दांत केलेल्या वर्णनापेक्षा हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. दुसऱ्या कुणाचा आवाज नमुना म्हणून वापरायचा असेल, तर त्या व्यक्तीची स्पष्ट परवानगी घ्यावी, यात सवलत नाही. एकाच परिच्छेदाची अनेक वाचने तयार करून त्यांतून निवड करण्यातही काही गैर नाही, कारण बऱ्याच प्रणाली दर वेळी थोडे वेगळे वाचतात.

तपासणीसाठी कथा न वाचलेल्या व्यक्तीला तो भाग ऐकवावा आणि पात्राच्या मनात काय चालले आहे एवढेच विचारावे. उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आले, तर आधी विराम बदलावा, मग गती, आणि एवढ्यानेही भागले नाही तरच भावनेचे लेबल लावावे.