तिरकं दिसेल ते बघा

प्रश्न : पुढच्या महिन्यात पोलंडमधल्या क्राकोला चाललोय. तिथल्या बाजारचौकाभोवतीच्या जुन्या इमारती पायी फिरून बघायच्या आहेत. पण मागच्या एका सहलीत गाइड सनावळ्या सांगत पुढे पळत होता आणि मला सगळ्या इमारती एकसारख्याच वाटत होत्या. नेमकं बघायचं तरी काय?

उत्तर : मीही त्या चौकात गाइडच्या मागे असाच धावलो. संध्याकाळी धड एक इमारत आठवेना. दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो आणि एवढंच शोधत फिरलो, की इथे तिरकं काय उभं आहे?

हा चौक 1257 साली दोरी लावावी तसा आखलाय. एकेक बाजू साधारण 200 मीटर, रस्ते काटकोनात. त्यात एखादी इमारत कोनात वळलेली दिसली, की तिची जागा आखणीच्या आधीची. सेंट मेरी चर्चकडे चार पावलं मागे सरून बघा, चौकाच्या रेषेशी ते जुळतच नाही. आजचं बांधकाम नंतरचं, पण दिशा आधीच्या चर्चची. सेंट अ‍ॅडलबर्टचं बुटकं चर्चही तसंच. तिथे जरा वाकून पायाशी बघा. भिंत जमिनीच्या खाली उतरलीय आणि खालचे दगड वरच्या भिंतीपेक्षा वेगळे आहेत. चर्च खचलेलं नाही हो, भर पडत पडत चौकच वर आलाय! आसपासच्या घरांची कित्येक तळघरं एके काळी तळमजले होती.

मधला लांबलचक कापडबाजार मात्र सरळ उभा राहून चकवतो. सगळे फोटो काढतात त्या बाहेरच्या कमानी 1875 ते 1879 मधल्या. जुनं काम वर आहे. 1555 च्या आगीनंतर बांधलेला उंच कठडा, आणि त्यावर वेडीवाकडी तोंडं करणारे दगडी चेहरे. मान अवघडते, पण बघाच.

टाउन हॉल 1820 मध्ये पाडला, मनोरा तेवढा राहिला. तो तिरका नाही, कललेला आहे, सुमारे 55 सेंटिमीटर.

दर तासाला सेंट मेरीच्या उंच मनोऱ्यावरून तुतारी वाजते आणि मध्येच तुटते. त्याची गोष्ट मात्र गाइडकडूनच ऐका. तो रंगवून सांगतो. खरी का, ते विचारू नका.